उताराला बंद केलेली गाडी

त्या दिवशी अंगनात कोन कोन हुतं त्ये आदी सांगते, म्हंजी मागनं कुनी म्हनायला नगं की म्हातारीला धड आटवत न्हाय. मालक हुते, त्येंना आमी अण्णा म्हनायचो. त्येंच्या आई, अव्वा, खुर्चीवर बसलेल्या. मालकीनबाई हुत्या, काकू. त्येंची धाकटी लेक शैला, माज्याच वर्गातली. थोरलीचा साखरपुडा कराय आलेले पाव्हने दोग, नवऱ्या मुलाचे वडील आन् मुलाचा मामा. मामाच्या गुडग्याला उपरनं बांदलेलं आन् त्येच्यातनं रगात वर आलेलं. थोरली दारामागं हुती, तिची नुसती बांगडी वाजायची. माजे वडील, आबा, अण्णांच्या गाडीवर डायवर, टोपी काडून हातात धरलेली. माजी आई, तिच्या कडंवर माजी भन बेबी. आन् मी, कस्तुरा. त्यातली आता शैला, बेबी आन् मी एवढीच उरलोय. बेबीला काय आटवायचं, ती तवा अंगटा चोकत हुती.

आमी अण्णांच्या घरामागंच ऱ्हायचो, सोलापुरात. म्होरं त्येंचं दोन मजली घर, मागं परस, परसात हिर, हिरीच्या पल्याड गाडीचं शेड आन् शेडाला चिकटून आमची एक खोली. भितीच्या त्या अंगाला माग हुते. दिसभर खटखट, खटखट. लाईट गेली की ती एकदम थांबायची, मग आमीच दचकायचो, एकमेकांशी वरडूनच बोलत ऱ्हायचो. सकाळी आई भाकरी थापायची त्येचा आवाज त्या खटखटीत मिसळायचा. शेंगाची चटनी, भाकरी, कवा काकूंनी दिलेलं वाटीभर आमटीचं पानी. काकूंच्या घरात कडक भाकरी करून दुरडीत रचून ठेवायचे, पापडागत मोडायची, तिचे तुकडे शैला माज्या वटीत टाकायची आन् आमी दोगी शेडात गाडीच्या पायरीवर बसून खायचो. आबांच्या सदऱ्याला पेट्रोलचा वास. मला त्यो वास लई आवडायचा, अजून पंपावर गेलं की मी नाक वर करते. नातू हसतो.

अण्णांनी सोताच्या तोंडानं आबांना सांगितलं हुतं, "मारुती, तुझी पोरगी हुशार आहे की. सातवी झाली की शैलाबरोबर हायस्कुलात घालू. दोघी गाडीतनंच जातील." आमच्यात पोरगी सातवीच्या म्होरं गेलेली कुनी न्हाय. त्या दिवसापासनं मी रोज गाडी पुसायची ती माजीच गाडी असल्यागत. मला त्या गाडीत बसून हायस्कुलात जायाचं हुतं. दुसरं काय बी मी देवाकडं मागत नव्हते.

बॅटरीचं काम माज्याकडं आलं त्येचं असं झालं. आबांच्या डोळ्यात एकदा बॅटरीतलं पानी उडालं. त्यात तेजाब, म्हंजी ॲसिड असतं. डोळा वाचला, पन जवळचं बारीक दिसंना. तवापासनं बॅटरी माजी. सा बुचं फिरवून काडायची, आत वाकून बगायचं, पट्ट्यांच्या वर बोटाच्या पेराएवढं पानी पायजे. कमी असलं तर बाटलीतलं डिस्टिल वॉटर घालायचं, थेंब थेंब, बुडवायचं न्हाय. नळाचं पानी चालत न्हाय. हिरीचं तर न्हायच न्हाय. आमच्या परसातली हिर मचूळ, हंड्याला आतनं पांढरा थर बसायचा, तसा थर पट्ट्यांवर बसला की बॅटरी मेली. ह्ये मला झोपंतनं उटवून इचारलं असतं तरी मी सांगितलं असतं. मग वरच्या दोन टोकांना हिरवं-पांढरं बुरशीगत यायचं, त्ये गरम पान्यात खायचा सोडा घालून धुवायचं, पुसायचं, वर ग्रीस लावायचं. माज्या परकराची तेजाबानं चाळन झाली हुती. आई बोलायची, आबा मात्र पाव्हन्यांना सांगायचे, "आमची कस्तुरा म्हंजी बॅटरीची डाक्टरीन हाय." मी तितं नसल्यागत करायची आन् समदं ऐकायची.

मग पेट्रोल म्हाग झालं. कुटं तरी लांब अरबांच्या मुलखात काय तरी झालं आन् हितं सोलापुरात अण्णांचं तोंड उतरलं. एक दिवस शेडात येऊन म्हनले, "मारुती, असंच चाललं तर गाडी विकून टांग्यात बसावं लागतंय की." आबांचा चेहरा मी बगितला. गाडी गेली म्हंजी डायवर गेला, आन् डायवर गेला म्हंजी खोली गेली. आबा म्हनले, "इकू नगा अण्णा. मी बगतो."

आन् त्येंनी बगितलं. उतार लागला की चावी बंद, गाडी न्यूटल, आपली घरंगळत जाऊ दे. तुळजापूरचा घाट वरनं बंद करून उतरायचे, पार खाली सपाटीला आल्यावर चावी फिरवायची. रेल्वेचं फाटक लागलं की बंद. बाजारात अण्णा कुनाशी दोन शब्द बोलाय थांबले की बंद. मंगळवेढ्याला ज्वारी बगाय जायाचे, त्या रस्त्याला कुटं कुटं उतार हाय त्ये आबांना तोंडपाट. एकदा शैलासंगं मी बी घाटात हुते. इंजनाचा आवाज गेला आन् मला वाटलं कान मोकळं झालं. वारा ऐकू यायला लागला, रस्त्याकडंच्या बैलाच्या गळ्यातली घुंगरं ऐकू आली, टायर डांबरावर सुर्र करत पळत हुतं. शैला म्हनली, "आपन पतंग झालो." आबा आरशातनं हसले. अण्णा त्येंच्या दोस्तांना सांगायचे, "आमचा मारुती गाडीला पेट्रोल दाखवतो, पाजत नाही." हसू उसळायचं. आबा मान खाली घालून हासायचे, पन त्येंची फुगलेली छाती मला दिसायची.

मागल्या सालची गोष्ट सांगते. नातवाच्या नव्या गाडीत बसले हुते, सिग्नलला गाडी थांबली आन् इंजन बंद. मी म्हनले, "आरं, पडली का बंद?" नातू म्हनला, "आजी, पडली न्हाय. पेट्रोल वाचवती. आपली आपन बंद हुती, आपली आपन चालू." मी इचारलं, "मग बॅटरीचं काय?" त्येनं माज्याकडं वळून बगितलं. म्हनला, "तुला काय ठावं बॅटरीचं? हिची बॅटरीच येगळी असती, दांडगी. आन् ती जरा उतरली तर गाडीला कळतं, मग ती बंद व्हायचं सोडून देती." मी खिडकीभायेर बगत ऱ्हायले. मागच्या गाड्या हारन वाजवत हुत्या.

आमच्या गाडीला तसलं काय कळत नव्हतं. चार-पाच म्हयनं गेलं आन् सकाळी सेल्फ मारला की गाडी पयल्यासारकी दनकन उटंना. कन्हायची. मी बुचं उगडून बगितली, पानी बरोबर. टोकं धुतली, ग्रीस लावलं, तरी तेच. मग आबा बॅटरी काडून सायकलवर बांदून चाचांच्या दुकानात घिऊन गेले, मी संगं. चाचा बॅटऱ्यांचं काम करायचे, बोटं समदी तेजाबानं भाजून गुळगुळीत झालेली. त्येंच्याकडं एक काचंची पिचकारी हुती, आत एक नळी तरंगायची. बॅटरीतलं पानी वडून घ्यायचं. नळी वर आली तर बॅटरी भरलेली, खाली बसली तर उतरलेली. चाचांनी पिचकारी माज्या हातात दिली. "तूच देख, डाक्टरीन." सहाच्या सहा खान्यांत नळी तळाला बसली.

चाचांनी आबांना इचारलं, "गाडी बंद करको उतारता क्या घाट?" आबा सायकलची दोरी गुंडाळाय लागले. "फाटक पे बंद, बाजार में बंद, फिर सेल्फ मारता. दिन में कितनी बार? अरे मारुती, बॅटरी का पेट इंजन भरता. इंजन चल्या तो डायनामो फिरता, डायनामो फिर्या तो बॅटरी भरती. तू उसको फिरनेच नै देता, उप्पर से बत्ती, हारन. निकालनाच निकालना, भरना कब?" आबांनी इचारलं, मग करायचं काय. चाचा म्हनले, घाटात बंद करूच नगं, जीवाला बी धोका हाय. फाटकावर करायचं तर कर, पन दिवं बंद ठेव, आन् सकाळी सेल्फऐवजी म्होरनं हातानं हँडल मार. आन् आता ही बॅटरी दोन दीस हितं ठेव, मी भरून देतो.

आबा म्हनले, "दोन दीस गाडी उबी ठेवली तर अण्णांना काय सांगू?"

"जो सच्ची बात है वो."

आबांनी बॅटरी परत सायकलवर बांदली. वाटंत मला म्हनले, "कस्तुरे, ह्ये घरात बोलायचं न्हाय. अण्णांच्या कानावर तर अजिबात न्हाय. पेट्रोल वाचवतो म्हनून त्येंनी गाडी ठेवलीय." मी म्हनले, "पन आबा, पान्याचा दोष न्हाय. ती भरतच न्हाय." "ठावं हाय मला. गप बस." मी गप बसले. मला वाटलं, आबांचं गुपित माज्याकडं हाय म्हंजी मी मोटी झाले. घरी येऊन बॅटरीवरची धूळ फुंकून काडली. आबा काय दीस हँडल मारायचे, पन शेजारपाजारचं बगायचे आन् म्हनायचे, "काय मारुती, गाडी म्हातारी झाली व्हय?" मग परत सेल्फ. घाटात बंद करायचं बी सोडलं न्हाई. आता त्येंची ख्याती झाली हुती की.

थोरलीचा साखरपुडा ठरला. पाव्हने करमाळ्याकडनं येनार, दोग जन म्होरं टेसनावर उतरनार, बाकीची मंडळी दुपारी येष्टीनं. अण्णांनी गाडीला झेंडूची माळ घालाय लावली. काकूंनी शेंगाच्या पोळ्या केल्या हुत्या, परसात तुपाचा वास. आबा सकाळी गाडी घिऊन गेले ती हँडल मारून, म्हंजी त्या दिवशी सेल्फचा आवाज बी आला न्हाय. मी आईकडं बगितलं. आई पिटाकडं बगत हुती.

टेसनावर काय झालं त्ये मला मागनं कळलं. आबांनी गाडी बंद केली, सवयीनं. पाव्हने आले, बॅगा चडवल्या, बसले. चावी फिरवली, काय न्हाय. हँडल मारलं, घाम निगाला, बॅटरी इतकी मेलेली की ठिनगीच पडंना. मग पाव्हनेच उतरले. पांढरी धोतरं, जरीच्या टोप्या, आन् झेंडूची माळ घातलेली गाडी ढकलायला लागले. पोरंठोरं मागं. मामांचा पाय धोतरात अडकला, पडले, गुडगा फुटला. गाडी चालू झालीच न्हाय. शेवटी दोगंबी टांग्यात बसून आले, आन् आबा टांग्याच्या मागं पळत.

अंगनात शिरल्या शिरल्या नवऱ्या मुलाचे वडील म्हनले, "टांग्यानंच यायचं होतं तर आम्हीच केला असता की. गाडी कशाला दाखवायची?" मामा गुडगा धरून, "दाखवायला नाय, ढकलायला बोलावलं आपल्याला." कुनी हसलं न्हाय. अण्णांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. दारामागची बांगडी वाजायची थांबली. मला एवढं कळत हुतं की ही दोगं आता उटली तर थोरलीचं लगीन मोडलं. अण्णा आबांकडं वळले. "मारुती, काय झालं गाडीला? खरं सांग."

आबा टोपी हातात फिरवत हुते. मला वाटलं, आता सांगतील. मी जरा म्होरं बी सरकले, त्येंना आधार म्हनून.

आबा म्हनले, "अण्णा, पोरीनं घात केला. बॅटरीत हिरीचं पानी वतलं."

क्षनभर मला कळलंच न्हाय पोरगी कंची. मग समदी माज्याकडं बगायला लागली तवा कळलं. आबा बोलतच हुते, "डिस्टिल पानी सपलं हुतं, हिनं हिरीतनं काडून वतलं. पानी ते पानी, असं वाटलं तिला. लेकरू हाय, चुकलं." आन् मग मामा हसले. गुडगा धरून हसले. "आयला, म्हंजे आमी हिच्यापायी ढकलत बसलो व्हय!" नवऱ्या मुलाचे वडील बी हसले. अण्णांनी श्वास सोडला. "बघा की, ही आमची बॅटरीची डॉक्टर!" आता तर समदं अंगन हसलं. शैला बी. अव्वा म्हनल्या, "होगली बिडो, सण्ण हुडगी." जाऊ दे, ल्हान पोरगी हाय. काकूंनी पाव्हन्यांच्या म्होरं पोळ्या आनल्या. साखरपुडा झाला.

मी आईकडं बगितलं. आईला ठावं हुतं, मी हिरीचं पानी त्या बॅटरीच्या जवळ बी न्हेत नव्हते. ती रोज बगायची. तिनं बेबीला ह्या कडंवरनं त्या कडंवर घेतलं आन् पदर सारका केला. दुपारी तिनं मला तुपाची आख्खी शेंगापोळी दिली, सोताच्या वाटनीची. मी खाल्ली. भूक लागली हुती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चाचांच्या दुकानात गेले. एकटी, चालत. म्हनले, "चाचा, तुमी चला. पिचकारी घ्या. पानी वडून अण्णांना दावा की मी काय केलं न्हाय." चाचांनी हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हनले, "बेटी, तेरा बाप परसों आया था मेरे पास. पूछ्या, खारा पानी गिर्या तो बॅटरी ऐसीच बैठती क्या? मैं बोल्या, हौ, बैठती. मेरे को क्या मालूम, किसके वास्ते पूछ रहा."

परसों. म्हंजी साखरपुड्याच्या आदल्या दिवशी. तवा अजून गाडी बंद पडली नव्हती, मामा पडले नव्हते, अण्णांनी काय इचारलं नव्हतं. भरल्या अंगनात घाबरून आबांच्या तोंडनं निगालं असंल, असं मी रातभर मनाला सांगत हुते. त्ये तसं नव्हतं. त्येंनी आदीच ठरवून ठेवलं हुतं, गाडी थांबली तर कुनाचं नाव घ्यायचं.

चाचा म्हनले, "मैं आको बोलताऊँ तेरे मालिक को. मगर सुन, तेरे बाप की नोकरी जाती. खोली जाती. तू बोल, आऊँ?"

मी तेरा वर्साची हुते. दुकानाम्होरनं टांगं जात हुतं, माग चालू हुतं, चाचांचा हात माज्या डोक्यावर. मी म्हनले, "नगा येऊ."

अण्णांनी मन मोटं केलं, चाचांकडनं नवी बॅटरी आनली, आबांना काडलं न्हाय. उलट आबांना सांगितलं, पेट्रोल असंच वाचव, फकस्त पोरीला गाडीला हात लावू देऊ नको. मी लांबनंच बगायची. आबांनी घाट मात्र सोडला, चाचांचं समदं ऐकाय लागले, आठवड्याला बॅटरी दावाय न्ह्यायचे. नवी बॅटरी लई वर्सं चालली. सातवीचा निकाल लागला, मी पास झाले. आबांनी अण्णांना हायस्कुलाची आटवन केली, एकदाच, हळूच. अण्णा हसून म्हनले, "जिला गोडं पाणी कुठलं, खारं कुठलं कळंना, ती हायस्कुलात काय दिवे लावणार?" आबा त्येंच्यासंगं हसले. मी शेडाच्या मागं हुते, त्येंना ठावं नव्हतं. जूनपासनं शैला एकटीच गाडीतनं जायाला लागली आन् मी मावशीसंगं इड्या वळाय. पानं भिजवायची, कापायची, तंबाकू भरायची, दोरा बांदायचा. हाताला सवय लागली, तीस वर्सं त्येच केलं, लेकरं त्येच्यावरच शिकवली. माजी लेक हायस्कुलाच्या बी म्होरं गेली. रडून सांगत न्हाय, झालं त्ये सांगतेय.

एकदा आबांना इचारलं हुतं. इड्यांचं सूप मांडीवर, त्ये दारात बसलेले. म्हनले, "आबा, माजंच नाव का?" त्येंनी लपवलं न्हाय. म्हनले, "तू पोरगी. पोरीला कोन काय करनार? हासतील आन् सोडतील. मला सोडलं नसतं." त्येंचा हिशोब बरोबर हुता. समदी हासली आन् सोडलं. म्हाताऱ्यापनी त्येंना मीच बगितलं, माज्याच घरात, दोन वर्सं अंतरुनावर. त्येंचं समदं केलं, कुरकुर न करता. शेवटच्या दिसांत एकदा माजा हात धरला, तोंड हाललं, मी कान जवळ न्हेला. म्हनले, "उशी जरा वर घे." मी उशी वर घेतली.

शैला अजून भेटती, लग्नाकार्यात. तिची नातवंडं मला बगून म्हनतात, "हीच का ती आजी, जिनं बॅटरीत विहिरीचं पाणी घातलं?" त्येंच्या घरात ती गोष्ट दर साखरपुड्याला सांगत्यात, थोरलीच्या लेकरांनी तर आनखी वाढवलीय, म्हनं मी बादलीनं वतलं. मी हासते. इतकी वर्सं हासतच आले, कारन आबा हुते, मग अण्णा हुते, मग शैलाचं मन हुतं. आता आबा न्हाईत, अण्णा न्हाईत, कुनाची नोकरी जायाची न्हाय, कुनाचं लगीन मोडायचं न्हाय.

म्हनून ह्ये वाचनाऱ्याला एकच मागनं हाय. सोलापुरात कुटल्या कार्यात ही गोष्ट तुमच्या कानावर आली, तर हासा, हासाय माजी ना न्हाय. पन हासून झालं की तितं सांगा, त्या पोरीनं बरोबर पानी घातलं हुतं.